मातीतल्या पोरानं ठोसा कुठला शिकावा?

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. कधी कुपवाड एमआयडीसीतली शिफ्ट उरकून आलेला पोरगा असतो, कधी विट्याकडचा पैलवान, कधी शाळेपासून कराटे केलेली मिरजेची मुलगी. "दादा, एमएमए करायचंय. बॉक्सिंग लावू का मुए थाय?" एमएमए म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणारी लढत, मुए थाय म्हणजे थायलंडचा ठोसे-लाथांचा खेळ. मी उलट विचारतो, "ठोसा मारलास आणि समोरच्यानं पट काढला, खाली शिरून पाय धरून पाडलं, तर?" बहुतेक जण हसतात. कुस्तीवाले हसत नाहीत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच चित्र उभं राहतं.

सगळी गोम इथंच आहे. बॉक्सिंगच्या रिंगणात ठोसा लागला की नाही एवढंच बघायचं असतं. एमएमएमध्ये तो अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा असा की ठोसा मारून झाल्यावर तुमचा पाय तुमच्याकडे आहे की दुसऱ्याच्या हातात. कुठली शैली चांगली हे ठरवताना मी ही एकच कसोटी लावतो, आणि खालच्या पायऱ्या तिच्यावरच रचल्या आहेत.

घाई असलेल्यांसाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. हात बॉक्सिंगचे, पाय आणि गुडघे मुए थायचे, अंतराची नजर कराटेची, आणि सगळ्याच्या बुडाशी कुस्ती. हे असं का, आणि कुठल्या क्रमानं, ते आता सावकाश बघू.

12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या एमएमए संस्थेची पहिली स्पर्धा झाली. तेव्हा लोकांना नेमकं हेच बघायचं होतं, कुठली विद्या भारी. आर्ट जिमरसन नावाचा व्यावसायिक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. जमिनीवरच्या पकडीत तरबेज रॉयस ग्रेसीनं त्याला खाली घेतला, छातीवर बसला, आणि जिमरसननं हार मानली. धड एक ठोसासुद्धा त्याला मारता आला नाही. पुढची काही वर्षं सगळ्यांना वाटत राहिलं की मारणाऱ्यांचे दिवस संपले. मग 1997 मध्ये मॉरिस स्मिथ या किकबॉक्सरनं मार्क कोलमन या आडदांड कुस्तीगिराकडून हेवीवेटचा किताब हिसकावला. स्मिथनं काही नवीन लाथ शोधून काढली नव्हती. खाली दाबून धरल्यावर तग कसा धरायचा आणि परत उभं कसं राहायचं, हे तो शिकून आला होता. कोलमनचा दम गेला, आणि मग लाथा कामाला आल्या.

ज्यांनी हा धडा घेतला नाही त्यांची गत 2010 पर्यंत तीच होती. जेम्स टोनी हा बॉक्सिंगमधला कसलेला जगज्जेता कुस्तीतून आलेल्या रँडी कूतूरसमोर आला. कूतूरनं घोट्यापाशी एकेरी पट काढून त्याला आडवा केला आणि पहिल्याच फेरीत गळा आवळला. उलट चक लिडेलचं बघा. केंपो कराटे आणि किकबॉक्सिंग तर होतंच, पण कॉलेजात त्यानं कुस्तीही केलेली. ती कुस्ती त्यानं दुसऱ्याला पाडायला फारशी वापरलीच नाही. स्वतः उभं राहायला वापरली. उभा राहिला की हात चालवायचा. 2005 ते 2007 तो लाइट हेवीवेटचा चॅम्पियन होता.

पायरी पहिली: गाठीशी काय आहे ते बघा

आपल्या सांगली-कऱ्हाड पट्ट्यात हा प्रश्न बहुतेक वेळा कुस्तीपाशीच येऊन थांबतो. हेलसिंकीला 1952 मध्ये कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, हिंदकेसरी मारुती माने आपल्या कवठेपिरानचे. कुंडलचं मैदान म्हटलं की म्हातारी माणसंसुद्धा गाडीत बसतात. त्यामुळे इथल्या पोरानं निदान दोन-तीन वर्षं लाल माती अंगाला लावलेली असते. हे भांडवल छोटं नाही. मान तयार असते, कंबर तयार असते, आणि कुणी अंगाला झोंबलं तर घाबरायचं नसतं हे रक्तात मुरलेलं असतं. शहरातल्या नुसत्या बॉक्सिंग केलेल्या मुलाला हेच शिकायला दोन वर्षं लागतात.

पण मातीच्या काही सवयी एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यात महागात पडतात. खडाखडीत आपण वाकून, कपाळाला कपाळ लावून उभे राहतो. तसं इथं उभं राहिलं की हनुवटी थेट अपरकटच्या (खालून वर येणाऱ्या ठोशाच्या) आणि गुडघ्याच्या वाटेवर येते. दुसरं म्हणजे मनगट नाहीतर मान धरायला हात पुढे पसरलेले असतात, म्हणजे तोंडासमोर कुणीच राखण नाही. तिसरी खोड सगळ्यात जुनी. चितपट वाचवायला आपण पालथे पडतो. कुस्तीत ते शहाणपण आहे. इथं पालथं पडणं म्हणजे पाठ देणं, आणि पाठ दिली की कानशिलावर ठोसे नाहीतर गळ्याभोवती हात.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांचा होतो, सत्त्याहत्तर किलो वजन, दोन-चार जत्रांची मैदानं मारलेली. एका मोठ्या शहरातल्या जिममध्ये पहिल्याच महिन्यात मला साठ-बासष्ट किलोच्या पोरासमोर उभं केलं. दोनदा पट काढला, दोन्हीदा तो आडवा. मला वाटलं, एवढंच? तिसऱ्यांदा मी लांबूनच, आधी काही न दाखवता, डोकं खाली घालून घुसलो. त्यानं फक्त गुडघा उचलला. माउथगार्ड घाल असंही तिथं कुणी म्हणालं नव्हतं. खालच्या ओठाला चार टाके पडले आणि पंधरा दिवस भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. गावी आल्यावर वस्ताद तोंडाकडे बघून एवढंच म्हणाले, "पट काढायच्या आधी हात दाखवायचा असतो, हे मी तुला शिकवलं न्हवतं व्हय?" शिकवलं होतं. मीच विसरलो होतो.

कराटे किंवा तायक्वांदो केलं असेल तर तुमचे पाय हलके आहेत आणि अंतर कळतं. त्याचं पुढे बघू. कबड्डीची चढाई करणाऱ्यांना लोक हिशेबात धरत नाहीत, पण आत जाऊन शिवून बाहेर निसटायचं ज्याच्या पायात आहे त्याला जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) शिकवणं सोपं जातं. आणि काहीच केलेलं नसेल, तर वाईट सवयीही नाहीत.

पायरी दुसरी: उभं राहायला शिका

इथं लोक दोन दिवसही घालवत नाहीत. मी दोन आठवडे घालवायला लावतो.

उजव्या हाताचा माणूस असाल तर डावा पाय पुढे. पावलं खांद्यांपेक्षा थोडी रुंद, वजन दोन्ही पायांवर सारखं, मागची टाच जमिनीपासून बोटभर वर. गुडघे सैल. हनुवटी आत, मुठी गालफडांशी, कोपरं बरगड्यांना लागून. बॉक्सर जेवढा आडवा वळून उभा राहतो तेवढं वळायचं नाही, नाहीतर पुढच्या पायाची पोटरी लाथेला आंदण दिल्यासारखी होते आणि मागचा पाय पट अडवायला वेळेत येत नाही. मुए थायवाल्यासारखं ताठ, पुढचा पाय हलका ठेवूनही नको, कारण कंबर उंच राहिली की खाली शिरणाऱ्याला दार उघडं मिळतं. आणि पैलवानासारखं वाकून तर नाहीच. या तिघांच्या मधे कुठेतरी तुमची जागा आहे, आणि ती तुमच्या उंचीप्रमाणं एक-दोन बोटं इकडेतिकडे होणार.

मातीवाल्यांना आणखी एक अडचण येते. हौद्यात आपण पायाची बोटं रुतवून उभे राहतो. मॅटवर रुतवायला काही नाही. पाऊल सरकवायला शिकावं लागतं. फरशीवर खडूनं फुली काढा. पुढे जायचं तर पुढचा पाय आधी, मागे यायचं तर मागचा आधी, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा. पाय एकमेकांना ओलांडता कामा नयेत, जवळही येता कामा नयेत. रोज तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या, हात गालाशी ठेवून, नुसतं चालणं. कंटाळा येतो. आमराईत सकाळी फिरायला येणारे काका लोक थांबून बघतात, ते वेगळंच.

पैलवानांमध्ये पुष्कळांचा उजवा पाय पुढे असतो. मी तो लगेच बदलायला लावत नाही. ताकदीचा हात पुढे असला तर जॅब जड लागतो, आणि पुढच्या पायावर बसून पट काढायची सवय तशीच वापरता येते. महिनाभर दोन्ही बाजूंनी करून बघा, शरीर आपलं आपण सांगतं.

पायरी तिसरी: तीन महिने फक्त हात

आधी बॉक्सिंगच का? कारण ठोसा मारताना दोन्ही पाय जमिनीवर असतात. माझ्या कसोटीला सगळ्यात आधी उतरतो तो हात. चुकला तरी फार काही धरायला मिळत नाही.

जॅब, क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), पुढच्या हाताचा हुक (बाजूनं वळवून मारायचा). एवढंच. अपरकट दुसऱ्या महिन्याच्या शेवटी. जॅब हा मारण्यासाठी कमी आणि विचारण्यासाठी जास्त असतो: समोरचा किती लांब आहे, हात वर आणतो का, मागे सरतो का, खाली बसतो का. ज्याला चांगला जॅब आहे त्याला पट काढायला लांबून उडी घ्यावी लागत नाही. माझे ओठाचे टाके जॅबनं वाचले असते.

रोजचा क्रम साधा ठेवा. हवेत तीन फेऱ्या, बॅगवर तीन, जोडीदाराबरोबर तीन. फेरी तीन मिनिटांची, मधे एक मिनिट विश्रांती. हवेत मारताना जोर लावू नका, हात गालाशी परत येतो का ते बघा. हात ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं यायला हवा. खाली पडून, फेर घेऊन परत येणारा हात म्हणजे समोरच्याला दिलेला एक फुकट ठोसा.

बॉक्सिंगमधलं सगळंच मात्र घ्यायचं नाही. बॉक्सर ठोसा चुकवायला कमरेपर्यंत खाली जातो, तिथं रेफरी गुडघा मारू देत नाही म्हणून. इथं गुडघा आहे, लाथ आहे. डोकं थोडंच हलवा, आणि पाय हलवून चुकवा. दुसरं ग्लोव्हचं. बॉक्सिंगच्या लढतीत 8 किंवा 10 औंसाचे ग्लोव्ह, सरावात तर 16 औंसाचे, म्हणजे साडेचारशे ग्रॅमची उशीच. त्यामागे तोंड लपवून बसता येतं. व्यावसायिक एमएमएचा ग्लोव्ह साधारण 4 औंसाचा, सव्वाशे ग्रॅमही भरत नाही, आणि बोटं उघडी. त्याच्या फटीतून ठोसा आत येतो. लपण्याऐवजी समोरच्याचा हात थोपवायला आणि बाजूला निघायला शिकावं लागतं.

तिसरी गोष्ट, जवळ उभं राहून देवाणघेवाण करत बसणं. बॉक्सिंगमध्ये ती बघायला मजा येते. इथं तेवढ्यात कुणीतरी कंबर धरतो. दोन मारा, फार तर तीन, आणि कोनात बाहेर पडा. 2015 मध्ये मेलबर्नला हॉली होमनं रोंडा राउझीला हरवलं ते बघितलं असेल तर आठवा. होम मुळात बॉक्सिंगची चॅम्पियन. राउझी ज्युडोची ऑलिंपिक पदकविजेती, पकडायला सरळ धावत होती, आणि होम मारून दर वेळी बाजूला. शेवट डाव्या लाथेनं झाला, पण ती लाथ लागायची तयारी पायांनी आणि सरळ डाव्या हातानं आधीच केली होती.

पायरी चौथी: पाय उचला, पण खालीच

चौथ्या महिन्यापासून मुए थाय. थाई लोक या खेळाला आठ अंगांची कला म्हणतात: दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन नडग्या. एमएमएला यातलं सगळंच लागतं, पण एकदम नाही.

सुरुवात मांडीवरच्या लाथेनं. पावलानं मारायचं नाही, नडगीनं मारायचं. टेकलेल्या पायाची टाच समोरच्याकडे वळते, कंबर वळते, आणि पाय काठीसारखा शेवटी येतो. त्याच्याही खाली, पोटरीवर मारायची लाथ गेल्या काही वर्षांत फार चालली आहे. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूनं एक शीर (मज्जातंतू) हाडाला लागून जाते. तिच्यावर तीन-चार दणके बसले की पाऊल बधिर होतं आणि माणूस लंगडतो. जानेवारी 2021 मध्ये डस्टिन पॉइरियरनं कॉनर मॅकग्रेगरचा पुढचा पाय असाच निकामी केला, मग दुसऱ्या फेरीत ठोशांनी काम संपवलं. मॅकग्रेगर आडवा, पुढच्या पायावर वजन टाकून उभा राहणारा. दुसऱ्या पायरीत आडवं उभं राहू नका म्हटलं ते म्हणूनच.

ही लाथ मला आवडायचं कारण पुन्हा तेच. कमरेच्या खालची लाथ पकडायला समोरच्याला वाकावं लागतं, आणि पाय लवकर परत येतो. बरगडीवरची लाथ काखेत पकडली जाते, आणि पकडलेल्या पायाचं पैलवान काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. पहिले सहा महिने कमरेच्या वर पाय नाही. आणि उघडी लाथ नाही: आधी हात, मग पाय. जॅब-क्रॉसनं समोरच्याचं वजन मागे गेलं की लाथ मारा. हॉलंडचे किकबॉक्सर हेच करतात, ठोशांची माळ आणि शेवटचा मणी मांडीवर.

मारण्याइतकंच अडवणं शिका. लाथ येताना पाय उचलून नडगी बाहेर वळवायची, म्हणजे त्याची नडगी तुमच्या गुडघ्याखालच्या कठीण हाडावर आदळते. डिसेंबर 2013 मध्ये क्रिस वाइडमननं अशीच लाथ अडवली आणि अँडरसन सिल्वासारख्या महारथीचा पाय मोडला. दैव बघा, 2021 मध्ये वाइडमननं मारलेली लाथ समोरच्यानं अडवली आणि त्याचाही पाय तसाच मोडला.

नडगी कठीण करायला बाटली किंवा लाटणं फिरवणारी पोरं अजून दिसतात. नका फिरवू. कातडी सोलते, हाडाच्या वरचा पापुद्रा सुजतो, महिना वाया जातो. मऊ बॅगवर रोज थोड्या थोड्या लाथा मारल्या की हाड आपसूक भार सोसायला शिकतं. त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्याला इलाज नाही.

गुडघा आणि मान धरणं पैलवानाला पटकन जमतं, तो अर्धा आपलाच खेळ आहे. कोपराला सध्या हात लावू नका. हौशी स्पर्धांत साधारणपणे कोपराला बंदीच असते, आणि सरावात त्यानं जोडीदाराची भुवई फुटते.

पायरी पाचवी: सांधेजोड

आता खरी गंमत. बॉक्सिंग वेगळं, मुए थाय वेगळं, कुस्ती वेगळी, असं तीन वर्षं करूनही एमएमए येत नाही. तिन्हीचे सांधे जुळवावे लागतात, आणि ते सांधे कुठल्याच क्लासमध्ये वेगळे शिकवत नाहीत. मी पोरांकडून चार गोष्टी करून घेतो.

पहिली. तुम्ही जॅब-क्रॉस मारायचे, जोडीदारानं वाटेल तेव्हा पट काढायचा. कधी काढेल ते सांगायचं नाही. तुम्ही पाय मागे फेकून छाती त्याच्या पाठीवर टाकायची, कंबर जड करायची, आणि लगेच बाजूला सरकून उठायचं. उठताना हात गालाशी. दहा मिनिटांत तुम्हाला कळेल की कुठला ठोसा मारताना तुम्ही फार पुढे झुकता. मला माझा उजवा हात असाच सापडला. त्यात वजन इतकं पुढे जायचं की कुणी आडवा पाय ठेवला तरी मी पडलो असतो.

दुसरी. पटाचं सोंग करा. डोळे त्याच्या गुडघ्याकडे, कंबर किंचित खाली, पुढचा हात मांडीकडे. त्याचे हात खाली आले की मागचा हात वरून, खांद्यावरून फेकल्यासारखा. कुस्तीतून आलेल्या माणसाचा हा हुकमी ठोसा. डॅन हेंडरसन ग्रीको-रोमन कुस्तीत दोन ऑलिंपिक खेळलेला, त्याचा उजवा हात सगळ्या जगाला माहीत होता तरी लागायचा. कारण समोरच्याला एकाच वेळी दोन भीती असायच्या, आणि माणसाला एका वेळी एकच दार लावता येतं.

तिसरी याच्या उलट. जॅब डोळ्यांसमोर सोडा, त्याचे हात वर गेले की खाली शिरा. डोकं वर, त्याच्या बरगडीला चिकटलेलं. डोकं बाहेरच्या बाजूला खाली राहिलं तर मान काखेत सापडते.

चौथी भिंतीची. पिंजऱ्याच्या जाळीला दाबलं जाणं हा निम्मा खेळ आहे, आणि मातीत त्याचा सराव होत नाही, कारण हौद्याच्या कडेला गेलं की पंच परत मधे आणतात. साध्या भिंतीला गादी लावा. एकानं पाठ टेकायची, दुसऱ्यानं दाबायचं. पाठवाल्यानं एक हात त्याच्या काखेखालून घालून वर उचलायचा, मोकळ्या हातानं पोटात छोटे ठोसे, मांडीवर गुडघा, आणि फिरून त्याला भिंतीला लावायचं. दोन मिनिटांची एक फेरी पुरे. पाच मिनिटांच्या फेऱ्या असलेल्या व्यावसायिक लढतीत माणूस का गळतो ते या दोन मिनिटांत समजतं.

उलटी बाजूही आहे. कुस्तीच्या जोरावर बराच पल्ला गाठता येतो, पण मग समोरचा तुमची विद्या शिकून येतो. रितू फोगाटनं वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेत कुस्तीवर एकामागून एक लढती मारल्या. डिसेंबर 2021 मध्ये तिथल्याच एका स्पर्धेच्या अंतिम लढतीत समोर स्टॅम्प फेअरटेक्स, मुए थायमध्ये वाढलेली. तिनं रितूला लाथांनी नाही, जमिनीवर हात मुरगाळून हरवलं.

पायरी सहावी: बाकीच्यांकडून काय उचलायचं

कराटेला हसणारे फार. लिओटो माचिदानं 2009 मध्ये शोतोकान कराटेच्या जोरावर लाइट हेवीवेटचा किताब जिंकला तेव्हा बरेच गप्प झाले. त्याचं बळ लाथेत नव्हतं, अंतरात होतं. कायम अर्धं पाऊल लांब, आणि तुम्ही आत आलात की एकच सरळ हात. पट काढायलाही अंतर लागतं, ते तो देतच नव्हता. तेवढं उचला. मात्र आपल्याकडच्या बऱ्याच क्लासमध्ये गुणांसाठी स्पर्श करून थांबायची सवय लागते, ती मोडावी लागेल. क्योकुशिन कराटेवाले अंगानं लोखंडी, पण त्यांच्या स्पर्धेत तोंडावर ठोसा नसतो म्हणून हात खाली राहतात. तायक्वांदोचंही तेच: डोक्यावर ठोसा नाही, कमरेखाली लाथ नाही. पाय अप्रतिम, पण पोटरीवर पहिली लाथ बसली की गोंधळ उडतो.

गिरकी घेऊन मारायच्या लाथा मोबाइलवर बघायला छान असतात. पहिल्या दोन वर्षांत त्यांच्या नादी लागू नका. पाठ फिरते, आणि पाठ फिरली की पैलवानाला आमंत्रण.

एका शैलीकडे मात्र आपल्या पोरांनी जास्त बघावं असं मला वाटतं, ती म्हणजे सांडा, वुशू या चिनी युद्धकलेतला लढतीचा प्रकार. ठोसा, लाथ आणि पकडून फेकणं, तिन्ही एकाच नियमात. लाथ पकडून पाडायचा तर त्यांना छंदच. यूएफसी गाजवणारी चीनची झांग वेइली याच मुशीतली. 2024 च्या जूनमध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरलेली पूजा तोमरही वुशूमधून आलेली. कुस्तीच्या पोराला बॉक्सिंगचा मास्तर मिळत नसेल आणि वुशूचा मिळत असेल, तर मी डोळे झाकून तिकडे पाठवेन.

पायरी सातवी: क्लास पारखा, डोकं सांभाळा

आपल्याकडे एमएमएची पाटी लावलेला क्लास सापडेलच असं नाही, आणि पाटी असली म्हणून आत ते असेलच असंही नाही. पैसे भरायच्या आधी एक संध्याकाळ नुसते बसून बघा. नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात जोरात लढवतात का? माउथगार्डशिवाय कुणी उभं राहतं का? मास्तर स्वतः कुणाकडून शिकले ते सांगतात का? एखाद्याला मार लागून डोळे फिरले तर थांबवतात, की पाणी मारून परत उभं करतात? शेवटचं दिसलं तर चप्पल घाला आणि निघा. चांगला बॉक्सिंगचा क्लास आणि गावची तालीम, या दोन्हींवर पहिलं वर्ष उत्तम निघतं. पुण्याला महिन्यातून एकदा जाऊन सांधेजोड तपासून घेतली तरी चालतं, मिरजेहून गाड्या भरपूर.

सरावाची लढत आठवड्यातून एकदाच, तेही निम्म्या जोरानं. हेडगार्डनं भुवई वाचते, कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही, कालचं आठवत नाही, असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत मार खायचा सराव बंद. "पैलवान गडी आहे, एवढ्यानं काय होतंय" हे वाक्य मी आमच्या सरावाच्या शेडमध्ये बोलू देत नाही.

सामानात काटकसर करायची तर कपड्यात करा. साडेचार मीटरच्या हाताला गुंडाळायच्या पट्ट्या दोन जोड, 16 औंसाचे ग्लोव्ह, नडगीचे पॅड, माउथगार्ड, लंगोट असला तरी त्यावर जांघ सांभाळणारा कप. बॅग विकत घ्यायची गरज नाही. दोन जाड पोती एकात एक घाला आणि यंत्रमागावरची चिंधी ठासून भरा, विट्यात वजनावर मिळते. वाळू अजिबात नको. ती तळाशी बसून दगड होते, मनगटं जातात. आमची पहिली बॅग वाळू मिसळलेलीच होती. 2019 च्या महापुरात भिजून इतकी जड झाली की छताच्या आढ्यासकट खाली आली. दुसरी मार्केट यार्डातल्या हळदीच्या रिकाम्या पोत्यांची केली. ती उत्तम आहे, अजून टिकली आहे, फक्त पोती आधी दोनदा धुऊन घ्या. आम्ही धुतली नव्हती. पहिला महिनाभर सगळ्यांचे हात पिवळे, आणि घरोघरी एकच चौकशी, लग्न कधी ठरलं?